किचनमध्ये कोणाला काय म्हणायचं, आणि हाकेला ओ कशी द्यायची

हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षात जुलियन आणि ब्रुनुआज कापायला शिकवतात, मदर सॉस पाठ करून घेतात, टोपी कशी घालायची तेही दाखवतात. पण पन्नाशी ओलांडलेल्या तंदूरवाल्या उस्तादांना बावीस वर्षांच्या पोराने ऑर्डर कशी सांगायची, हे कुठल्याच जर्नलमध्ये लिहून घेत नाहीत. इंडस्ट्रियल ट्रेनिंगला गेलेली मराठी मुलं पहिल्या आठवड्यात गप्प गप्प असतात. कामाची भीती हे त्याचं कारण फार क्वचित असतं. कोणाशी, कोणत्या भाषेत, किती बोलायचं याचा अंदाजच नसतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि जे थेट रेस्टॉरंटच्या, केटररच्या किंवा खानावळीच्या किचनमध्ये हेल्पर म्हणून लागतात त्यांच्यासाठीही. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. किचनमधला सगळ्यात मोठा शिष्टाचार म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवणं. 'जी', 'सर', 'शेफ' हे सगळं त्याच्यानंतर येतं.

१. रुजू होण्याआधी उतरंड समजून घ्या

आज जगभरच्या मोठ्या हॉटेलांत जी पदांची उतरंड दिसते तिला आकार दिला ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफने. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो सैन्यासाठी स्वयंपाक करत होता. पुढे १८९० मध्ये सेझार रिट्झबरोबर लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आल्यावर त्याने किचनची विभागणी लष्करी तुकडीसारखी केली: प्रत्येक सेक्शनला एक प्रमुख, त्याच्या हाताखाली ठरलेली माणसं, आणि हुकूम एकाच तोंडून. 'किचन म्हणजे आर्मी' असं सांगून आरडाओरडीचं समर्थन करणारे लोक एक गोष्ट सोयीने विसरतात. एस्कॉफिएच्या किचनमध्ये शिवीगाळ आणि दारू, दोन्हींना मनाई होती.

आपल्याकडच्या स्टार हॉटेलात ही उतरंड साधारण अशी असते: एक्झिक्युटिव्ह शेफ, त्यांच्याखाली एक्झिक्युटिव्ह सू शेफ आणि सू शेफ, मग सीडीपी म्हणजे शेफ द पार्ती (सेक्शनचा प्रमुख), डीसीडीपी म्हणजे डेमी शेफ द पार्ती (सीडीपीच्या लगेच खालचा), मग कॉमी (सेक्शनमधले ज्युनियर कूक) वन, टू, थ्री आणि शेवटी ट्रेनी. 'कॉमी' हा उच्चार लक्षात ठेवा. लिहिताना शेवटी एस असला तरी बोलताना येत नाही. 'कॉमिस' म्हणणारे लोकही भेटतील, त्यांना सुधारायला जाऊ नका.

एक घोळ पहिल्याच दिवशी होतो, म्हणून इथेच सांगतो. रेस्टॉरंटमध्ये वाढणारा तो 'स्टुअर्ड', आणि भांडी धुणं, कचरा काढणं, क्रोकरी सांभाळणं हे बघणारा विभाग म्हणजे 'किचन स्टुअर्डिंग'. 'स्टुअर्डला बोलाव' असं ऐकलं की कुठला, हे विचारून घ्या.

२. पहिल्या दिवशी: नाव विचारा, मग हाक ठरवा

पांढरा कोट घातलेल्या प्रत्येकाला 'शेफ' म्हणायचं. बहुतेक हॉटेलांत हा नियम इतका सरसकट आहे की एक कॉमी दुसऱ्या कॉमीलाही 'शेफ, जरा मीठ द्या' म्हणतो. यात चेष्टा नाही. नाव माहीत नसलं तरी काम अडत नाही, आणि कोण वर कोण खाली याचा हिशेब मांडत बसावा लागत नाही. 'सर' हा शब्द जनरल मॅनेजर, एफ अँड बी (खाण्यापिण्याचा विभाग) मॅनेजर, एचआर यांच्यासाठी राखून ठेवा. काही जुन्या हॉटेलांत एक्झिक्युटिव्ह शेफनाही 'सर' म्हणतात. चार माणसं काय म्हणतात ते ऐका आणि तेच म्हणा.

बाई शेफ असतील तर 'शेफ'च. पुरुषांना 'शेफ' आणि बाईंना 'मॅडम' असं जिथे चालतं तिथे 'मॅडम' म्हणणाऱ्याला वाटतं आपण मान दिला. प्रत्यक्षात तो तिचा हुद्दा काढून घेतलेला असतो. सीडीपी असलेल्या मुलीला 'ताई' म्हणणंही सर्व्हिस चालू असताना टाळा. ती स्वतः म्हणाली 'ताई म्हण', तर गोष्ट वेगळी.

आता अवघड भाग. तंदूर, कबाब, बिर्याणी, मिठाई या सेक्शनमध्ये अनेकदा अशी माणसं असतात जी कॉलेजात न जाता घराण्यात किंवा गुरूच्या हाताखाली शिकली आहेत. लखनौच्या खानसाम्यांच्या परंपरेतून आलेले इम्तियाज कुरेशी हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा माणसांना 'उस्ताद' म्हणतात, मिठाईवाल्यांना किंवा राजस्थानी-गुजराती रसोइयांना 'महाराज'. कागदावर त्यांचा हुद्दा तुमच्या सीडीपीपेक्षा खाली असू शकतो. त्यांच्याशी बोलताना हुद्दा बाजूला ठेवायचा आणि काम मात्र स्पष्ट सांगायचं. 'नान कुठे आहेत?' असं ओरडण्याऐवजी 'उस्ताद, बारा नंबरचे चार नान लावा' एवढं पुरतं. नाव किंवा हाक आधी, काम नंतर, क्रियापद आदरार्थी. विनंतीचा पाल्हाळ नको. 'उस्ताद, तुम्हाला वेळ असेल तर जरा बघाल का' हे ऐकायला त्यांना वेळ नसतो आणि त्यातून ऑर्डर आहे की गप्पा तेही कळत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्या. तेच उस्ताद तुम्हाला, कालच्या पोराला, 'शेफ' म्हणतील. ओशाळून 'अहो मला शेफ नका म्हणू' असं करत बसू नका. 'जी उस्ताद' म्हणा आणि कामाला लागा.

पॉट वॉशला उभ्या असणाऱ्यांची नावं पहिल्याच दिवशी शिकून घ्या. हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही. रात्री साडेनऊला सॉसपॅन संपतात तेव्हा 'ए भांडीवाले' म्हणणाऱ्याला आणि नावाने हाक मारणाऱ्याला कोणाची भांडी आधी मिळतात ते बघा एकदा.

काही हाका पूर्ण बंद. उत्तर भारतीय सहकाऱ्याला 'ए भय्या': हिंदीत 'भैया' म्हणजे भाऊ, पण महाराष्ट्रात या शब्दाला जो वास आलेला आहे तो आपल्यालाही माहीत आहे आणि त्यालाही. 'नेपाली', 'बिहारी', 'मद्रासी' ही माणसांची नावं नव्हेत. जातीवरून मारलेली हाक तर सरळ गुन्ह्यात मोडू शकते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून आहे. 'छोटू', 'बारक्या' हेही टाळा. ढाबे-हॉटेलांत १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती जवळपास सगळ्याच कामांना लागू झाली. ज्याला तुम्ही छोटू म्हणताय तो तिशीचा बाप्या असेल तर तो अपमान, आणि खरोखरच छोटा असेल तर मालक अडचणीत.

३. तू, तुम्ही, आप

मराठी माणसाची खरी गोची इथे होते. आपल्याकडे वयाने मोठ्याला 'तुम्ही', बरोबरीच्याला 'तू'. हिंदीत मध्ये 'तुम' आहे, आणि मुंबईच्या हिंदीत 'आप' आणि 'तुम' अशा सैल हाताने वापरतात की लखनौ-बनारसच्या माणसाला ते टोचतं. 'शेफ, तुम देखो ना' हे आपल्या कानाला ठीक वाटतं, त्यांच्या कानाला उद्धट. म्हणून पहिले दोन-तीन महिने सगळ्यांना 'आप', क्रियापदासकट: 'शेफ, आप टेस्ट कर लीजिए'. 'आप करो' हा मुंबईचा मधला मार्ग बऱ्यापैकी खपतो, पण 'लीजिए', 'दीजिए', 'बताइए' हे तीन शब्द तोंडात बसवले तर नुकसान नाही.

दोन मराठी माणसं असली तरी सर्व्हिसच्या वेळी मराठीत बोलायचं का? शेजारच्या सेक्शनला ऐकणं गरजेचं असेल तर नाही. 'दाल संपली' हे तुम्ही आपल्या गाववाल्या डीसीडीपीला मराठीत सांगितलं आणि पासवर (तयार ताटं वेटरकडे जातात त्या काउंटरवर) उभ्या असलेल्या शेफला कळलं नाही, तर पुढच्या दोन केओट्यांवर (किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवर) ती विकली जाईल. स्टाफ कॅफेटेरियात, लॉकर रूममध्ये खुशाल मराठी बोला. तिथे तुम्हाला इंग्रजीत सुरुवात करणारा मराठी शेफ भेटला तर त्याला मराठीत उत्तर द्या. बहुतेक वेळा तो वाटच बघत असतो.

गोव्यात नावापुढे 'बाब' आणि 'बाय' लावलेलं ऐकू येईल, मालकाला 'पात्रांव' म्हणतील. बाहेरून आलेल्याने पहिल्या दिवशी 'पात्रांव' म्हणायला जाऊ नये, तो शब्द सलगीचाही आहे आणि टोमण्याचाही. 'बाब' मात्र निर्धास्त वापरा.

४. हलताना तोंड बंद ठेवू नका

गर्दीच्या किचनमध्ये न बोलता चालणारा माणूस धोकादायक. कोणाच्या मागून जाताना 'बिहाइंड' किंवा 'पीछे', हातात गरम असेल तर 'हॉट बिहाइंड' किंवा 'गरम है', सुरी असेल तर 'नाइफ', कोपऱ्यावर 'कॉर्नर', ओव्हन उघडताना 'ओव्हन ओपन'. मराठी घरांतला 'सरका जरा' इथे चालत नाही. कोणी सरकायचं, कुठे सरकायचं आणि का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. 'बिहाइंड' ऐकलं की समोरच्याने जागचं हलायचंच नाही, स्थिर राहायचं. हा या शब्दाचा अर्धा अर्थ नवीन मुलांना कोणी सांगत नाही आणि ती दचकून मागे वळतात, नेमकी गरम स्टॉकवर.

सुरी हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची, समोरचा उचलेल. ओव्हनमधून काढलेल्या पॅनच्या दांड्यावर डस्टर गुंडाळा आणि तोंडाने 'हँडल गरम' सांगा. गरम झाकणावर चिमूटभर मैदा भुरभुरून ठेवायची जुनी खूणही काही किचनमध्ये पाळतात. ती दिसली तर हात लावू नका.

५. केओटी: ऐका, परत म्हणा, वेळ सांगा

पासवर एकच माणूस ऑर्डर पुकारतो. फ्रेंचमध्ये त्याला 'अबवायर' म्हणतात, आपल्याकडे सू शेफ किंवा एखादा अनुभवी सीडीपी हे काम करतो. क्रम असा:

'न्यू ऑर्डर! टेबल वन-टू. दोन दाल मखनी, एक पनीर टिक्का, चार बटर नान.'

तंदूर: 'एक टिक्का, चार बटर नान, येस शेफ.' करी सेक्शन: 'दोन मखनी, येस शेफ.'

ऑर्डर पुकारली म्हणजे बनवून वाढायची असं नाही. स्टार्टर लगेच निघतो, मेन कोर्स 'होल्ड'वर असतो. 'फायर टेबल वन-टू' म्हटलं की शिजवायला घ्यायचं, 'पिकअप' म्हटलं की पासवर आणायचं. काही ठिकाणी 'फायर' हा शब्दच वापरत नाहीत, थेट 'पिकअप'वर काम चालतं. पहिल्या शिफ्टच्या आधी विचारा: 'शेफ, आपल्याकडे पिकअप म्हणजे बनवायला घ्यायचं की आणायचं?' हा एक प्रश्न फार वाचवतो.

फक्त 'येस शेफ' हे उत्तर अर्धवट आहे. आपल्या सेक्शनचा भाग आकड्यासकट परत म्हणा. आकडे उलटसुलट ऐकू येतात, विशेषतः थर्टीन-थर्टी आणि फिफ्टीन-फिफ्टी, म्हणून टेबल नंबर सुटे अंक म्हणून सांगा: 'वन-फाइव्ह'. मराठी-हिंदी आकड्यांत तर पडूच नका. आपलं 'एकोणतीस' उत्तरेच्या माणसाला पटकन लागत नाही आणि त्याचं 'उन्तीस' आपल्याला.

'किती वेळ?' या प्रश्नाला 'झालंच शेफ', 'येतंय शेफ' हे उत्तर नाही. 'दोन मिनिटं' हे उत्तर आहे. पाच लागणार असतील तर पाच सांगा; शेफ बाकीच्या सेक्शनना त्या हिशेबाने थांबवतो. दोन म्हणून पाच लावलीत तर शेजारच्याचं फिश पासवर वाळतं आणि त्याची शिवी तुमच्या नावाने जमा होते.

कळलं नसेल तर विचारायची पद्धत अशी: 'शेफ, दोन की तीन?' पर्याय देऊन विचारा, म्हणजे एका शब्दात उत्तर मिळतं. 'काय म्हणालात?' विचारलं की शेफला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

एखादा पदार्थ संपत आला की संपायच्या आधी ओरडा: 'शेफ, चिकन मलाई शेवटच्या तीन!' संपल्यावर सांगणं म्हणजे वेटरला टेबलावर जाऊन माफी मागायला पाठवणं.

६. साहित्याची नावं: मराठी कानाचे सापळे

शेफने मखनी चाखली आणि म्हणाला, 'मीठा कम है'. मराठी मुलाचा हात मिठाच्या डब्याकडे जातो. हिंदीत 'मीठा' म्हणजे गोड. त्याला साखर किंवा मध हवा होता. मीठ हवं असतं तर तो 'नमक' म्हणाला असता. हा प्रकार इतक्या किचनमध्ये घडलेला आहे की तो विनोद म्हणून सांगतात, पण दहा लिटर ग्रेव्ही फेकताना कोणी हसत नाही.

दुसरा सापळा 'सीताफल'. दिल्लीकडचा शेफ स्टोअरमधून 'सीताफल' आणायला सांगतो तेव्हा त्याला लाल भोपळा हवा असतो. आपल्या सीताफळाला तो 'शरीफा' म्हणतो. आपली काकडी म्हणजे त्याचा 'खीरा', आणि त्याची 'ककड़ी' ही वेगळी, लांब, बारीक. 'पीठ कहाँ है' असं विचारलंत तर तो पाठीला हात लावेल. 'आटा' म्हणा, आणि गव्हाचं की बेसन की मैदा तेही सांगा. 'मिरी' आणि 'मिरची' यांच्यासाठी 'काली मिर्च', 'हरी मिर्च', 'लाल मिर्च' असं पूर्ण नाव घ्या. दुधी 'लौकी' किंवा 'घिया', ओवा 'अजवाइन', बडीशेप 'सौंफ', जायपत्री 'जावित्री'.

मराठी-मराठीतही गोंधळ होतो हे मुंबई-पुण्याच्या लोकांच्या लक्षात येत नाही. कोल्हापूरकडचा आचारी 'चटणी टाक' म्हणतो तेव्हा त्याला कांदा-लसूण मसाला हवा असतो, वाटीतली हिरवी चटणी नव्हे. एकाची 'पोळी' ती दुसऱ्याची 'चपाती', आणि त्या दुसऱ्याला 'पोळी' म्हटलं की पुरणाची आठवते. भगर आणि वरई एकच, आणि उत्तरेचा 'समा' तोच.

भांड्यांचंही तेच. आपला टोप किंवा पातेलं म्हणजे त्यांचा 'पतीला' किंवा 'भगोना', उलथणं म्हणजे 'पलटा', पळी म्हणजे 'कड़छी'. स्टार हॉटेलात यातलं बरंच इंग्रजीत चालतं: जीएन पॅन (ठरावीक मापाचे स्टीलचे ट्रे), बेन-मारी (गरम पाण्यावर पदार्थ गरम ठेवायचं भांडं), सॅलमॅन्डर (वरून आच देणारा ग्रिल), चिलर, वॉक-इन (आत शिरता येईल अशी थंड खोली). खिशात छोटी वही ठेवा, रोज ऐकलेले पाच नवे शब्द रात्री लिहा. महिन्याभरात वही लागेनाशी होते.

वजनमापात 'पाव', 'पाऊण', 'सव्वा', 'दीड', 'अडीच' हे शब्द बंद करा. पाव किलो आणि पौन किलो गोंगाटात सारखे ऐकू येतात आणि फरक अर्ध्या किलोचा असतो. 'दोनशे पन्नास ग्रॅम', 'सातशे पन्नास ग्रॅम' म्हणा.

७. जैन, उपवास आणि अ‍ॅलर्जी: इथे शब्द चुकला तर काहीच भरून येत नाही

'नो अनियन, नो गार्लिक' आणि 'जैन' या दोन वेगळ्या ऑर्डरी आहेत. जैन म्हणजे कांदा-लसणाबरोबर बटाटा, गाजर, बीट, मुळा, रताळं ही सगळी कंदमुळंही बाद. ओलं आलं न खाणाऱ्यांना सुंठ मात्र चालते. बटाट्याच्या जागी कच्चं केळं वापरायची पद्धत त्यातूनच आली. स्वामिनारायण पंथाच्या लोकांना कांदा-लसूण नको, पण बटाटा चालतो. केओटीवर नुसतं 'एन-ओ-एन-जी' आलं आणि टेबल जैन असेल, तर मखनीतून नव्हे, पण मिक्स व्हेजमधल्या गाजरातून घोळ होतो. शंका आली की कॅप्टनला (ऑर्डर घेणाऱ्या, वेटरांच्या प्रमुखाला) परत पाठवा: 'जैन आहे की फक्त कांदा-लसूण नको?'

उपवासाचंही तसंच. आपल्या उपवासाला साबुदाणा, भगर, शेंगदाणे, रताळं, बटाटा चालतं; हळद-मोहरीची फोडणी पडली की मोडला. उत्तरेच्या व्रतात कुट्टू आणि सिंघाड्याचं पीठ येतं आणि सेंधा नमकाचा आग्रह असतो. नवरात्रात बँक्वेटला 'उपवास थाळी' अशी ऑर्डर आली तर कोणाचा उपवास, हा पहिला प्रश्न.

अ‍ॅलर्जी पुकारताना 'शेंगदाणा नको' असं कधीही म्हणू नका. 'नको' ही आवड झाली. 'अ‍ॅलर्जी! टेबल नाइन, शेंगदाणा अ‍ॅलर्जी!' असा तोच शब्द पहिला आला पाहिजे, आणि प्रत्येक सेक्शनने तो परत म्हटला पाहिजे. मराठी पदार्थांच्या किचनमध्ये शेंगदाण्याचं कूट भाजीत, कोशिंबिरीत, आमटीत असतं आणि शेंगतेल कढईत. वेगळी कढई, धुतलेला पलटा, नवीन तेल, एवढं झाल्यावरच 'क्लिअर शेफ' म्हणायचं. आपल्या पदार्थात काय पडलंय याची खात्री नसेल तर 'माहीत नाही शेफ' हेच बरोबर उत्तर. किचनमध्ये हे वाक्य म्हणण्याची हीच एक जागा, जिथे कोणीही रागावलं तरी तुम्ही बरोबर असता.

८. लिहिताना

लेबलवर पदार्थाचं नाव, बनवल्याची तारीख आणि वेळ, कधीपर्यंत वापरायचं, आणि सही. मराठी, हिंदी, नेपाळी तिन्ही देवनागरीत असल्यामुळे आपल्याला वाटतं सगळ्यांना वाचता येईल. बंगाली, ओडिया, कन्नड मुलांना येत नाही. म्हणून बहुतेक हॉटेलांत इंग्रजी मोठ्या अक्षरांत लेबल आणि वारानुसार रंगीत स्टिकर असतात. 'ग्रेव्ही' असं लिहू नका, कोणती ते लिहा.

शिफ्ट हँडओव्हरच्या लॉगबुकात मतं नकोत. 'मॉर्निंगवाल्यांनी काही केलं नाही' याऐवजी 'कांदा टोमॅटो ग्रेव्ही चार लिटर, चिलर दोन, वरचा कप्पा. उद्याच्या बँक्वेटला आणखी दहा लागेल'. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दीडला शेफचा मेसेज आला तर अंगठा पाठवून झोपू नका. तुमच्या नावाने काम असेल तर ते काम लिहून 'करतो शेफ' असं उत्तर द्या.

९. आवाज चढला तर

सर्व्हिसमध्ये आवाज मोठा होणारच. एक्झॉस्ट, डिशवॉशर, बर्नर यांच्यावरून ऐकू जायचं असतं. मोठा आवाज आणि अपमान यांतला फरक ओळखायला शिका. 'हे कच्चं आहे, परत कर!' हा मोठा आवाज. आईबहिणीवरून शिवी, जात, गाव, रंग, शरीर यावरून बोलणं, हा अपमान. पहिल्याला उत्तर एकच: 'येस शेफ, परत करतो, तीन मिनिटं.' कारण सांगू नका, मिनिटं सांगा. चूक शेजारच्याची असली तरी त्या क्षणी नको. सर्व्हिस संपल्यावर, ब्रीफिंगच्या आधी, एकट्याने सांगा.

अपमान झाला तर त्या क्षणी काम थांबवून भांडायची गरज नाही, पण गप्पही राहू नका. शिफ्ट संपल्यावर त्या माणसाला शांतपणे: 'शेफ, कामावरून बोला, आईवरून नका बोलू.' हे वाक्य 'तुम्ही' लावून, डोळ्यांत बघून म्हटलं तर पुष्कळदा पुरतं. नाही पुरलं तर तारीख, वेळ, कोण हजर होतं हे लिहून ठेवा आणि एचआरकडे लेखी जा. 'किचनमध्ये असंच असतं' हे ऐकवणारे भेटतील. ज्या किचनमध्ये असं नसतं तिथेही जेवण वेळेवर निघतं.

लैंगिक शेरेबाजी, अंगलट, घाणेरडे विनोद यांच्यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान रेस्टॉरंटसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ट्रेनी आणि अ‍ॅप्रेंटिसही या कायद्यात येतात. कॉलेजकडून आलेल्या मुलींना 'तू स्टाफ नाहीस' असं सांगून परत पाठवलं जातं तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

१०. खानावळ, मेस आणि लग्नाचा स्वयंपाक

इथे 'शेफ' म्हटलंत तर लोक मागे वळून बघतील कोण आलं म्हणून. लग्नकार्यात मुख्य तो आचारी. तोंडावर 'आचारी' अशी हाक मारत नाहीत, आडनावापुढे 'काका' किंवा 'मामा' लावतात. पोळ्या लाटणाऱ्या बायकांना सरसकट 'मावशी' म्हणायची पद्धत आहे. चाळिशीच्या आतल्या बाईला पंचविशीच्या पोराने 'मावशी' म्हणणं तिला नको असू शकतं, 'ताई' सुरक्षित, आणि नाव विचारून 'सुनंदाताई' म्हटलं तर सगळ्यात बरं.

हिशेबाचे शब्दही वेगळे. हॉटेलात 'कव्हर्स' किंवा 'पॅक्स' म्हणतात, पंगतीत 'पानं' मोजतात: 'दुसऱ्या पंगतीला दोनशे पानं'. पुण्याच्या मेसमध्ये महिन्याचे पैसे भरणारा तो 'मेंबर'. आचाऱ्याने 'भात सुटू दे' म्हटलं की वाढप्यांनी निघायचं, 'वरण फिरवा' म्हटलं की दुसरी फेरी. तिथे केओटी नाही, म्हणून परत म्हणण्याची सवय आणखीच कामाची: 'मठ्ठा दोन पिंपं, जिलबी पंगतीच्या शेवटी, बरोबर ना काका?'

११. परदेशात आणि जहाजावर

इंग्लंडमध्ये मागून जाताना 'बॅक्स' ऐकाल, अमेरिकेत 'बिहाइंड'. अमेरिकेत संपलेल्या पदार्थाला 'एटी-सिक्स' म्हणतात, सगळ्या केओट्या मिळून एकूण किती हे 'ऑल डे' ('सिक्स सॅमन ऑल डे' म्हणजे आत्ता एकूण सहा हवेत), आणि ऐकलं याची पावती 'हर्ड'. तिथे अनेक किचनमध्ये स्पॅनिश चालते. 'कालिएंते' म्हणजे गरम आणि 'आत्रास' म्हणजे मागे, एवढे दोन शब्द तरी घेऊन जा. आखातात आणि क्रूझवर फिलिपिनो सहकारी भरपूर. वयाने मोठ्या पुरुषाला ते 'कुया' आणि बाईला 'आते' म्हणतात, म्हणजे आपलं दादा आणि ताई. तुम्हीही म्हणालात तर त्यांना आवडतं, मात्र हुद्द्याने वर असलेल्याला शेफच.

जहाजावर कामकाजाची भाषा ठरवून लॉगबुकात नोंदवण्याचं बंधन सोलास या समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारातच आहे. क्रूझवर ती बहुधा इंग्रजी असते. आग लागल्याची सूचना, ड्रिल, सगळं त्याच भाषेत होतं, म्हणून गॅलीत (जहाजाच्या किचनमध्ये) दोन मराठी किंवा कोकणी माणसं असली तरी ड्यूटीवर इंग्रजीतच बोला असं सांगतात. गावाकडून आलेल्यांना हा नियम जाचतो, पण स्मोक डिटेक्टर वाजल्यावर त्याचं कारण कळतं.

अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या क्रूझवर तिथल्या आरोग्य खात्याची स्वच्छता तपासणी होते. १०० पैकी ८६ किंवा जास्त गुण म्हणजे पास, ८५ ला नापास. तपासनीस शेफला सोडून थेट भांडी धुणाऱ्याला किंवा कॉमीला प्रश्न विचारतो, आणि शेफने मध्ये बोललेलं त्याला चालत नाही. 'हे भांडं कसं धुता?' याचं उत्तर 'वॉश, रिन्स, सॅनिटाइझ' या क्रमाने, सिंककडे हात दाखवत, सावकाश द्या. फाफटपसारा नको, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. प्रश्न कळला नाही तर 'प्लीज रिपीट, सर', नाहीतर 'मॅडम'. त्या माणसाला मात्र 'शेफ' म्हणायचं नाही.